एकोणीस चर

मी तार्तूच्या विद्यापीठाची गाडी चालवतो.
पदवी म्हणाल तर एकच :
चिखलात रुतलेलं चाक बाहेर काढणं.

दोन वर्षं दर गुरुवारी
माइरे बाई, त्यांची तीन पोरं,
नळ्या, फळ्या, रबरी बूट
हे सगळं लादून मी सोओत्साच्या दलदलीपाशी जायचो.
दलदल आपली म्हणायला.
पन्नास वर्षांपूर्वी तिच्यात चर खणले,
पाणी नदीला लावून दिलं,
काळ्या मातीच्या विटा पाडून बंबात घातल्या.
उरलं ते तपकिरी, भुसभुशीत,
वारा सुटला की डोळ्यांत जाणारं.

"ही जमीन न पेटता जळतेय," त्रीनु म्हणायची.
"धूर दिसत नाही, इतकंच."
मी मान डोलवायचो. पटलं नव्हतं.
मग एका ऑगस्टात ती खरीच पेटली
आणि वर पाऊस पडत असताना
ऑक्टोबरपर्यंत पोटातल्या पोटात धुमसत राहिली.

उपाय साधा होता : चर बुजवायचे.
पाणी थांबलं की शेवाळ येतं,
शेवाळ आलं की बाकीचं ते बघून घेतं.
सरकारी नकाशावर चर अकरा.
अकराही बुजवले, फळ्या ठोकून, माती दाबून.
तरी नळीतली रेघ
दर गुरुवारी बोटभर खाली.

कुठेतरी पाणी मुरत होतं.
आणि गावाला ते माहीत होतं.

नोव्हेंबरात गावच्या वाचनालयात सभा झाली.
सतरा माणसं, एक कुत्रा.
मला वाटलं, बाई आता पडद्यावर आलेख दाखवतील.
त्यांनी यंत्र लावलंच नाही.
ओला कोट अंगावर तसाच, उभ्या राहिल्या,
"आमचं चुकलंय," म्हणाल्या,
"कुठे, ते आम्हाला कळत नाही."

त्या खोलीत आजवर
कितीतरी कचेऱ्यांची माणसं बोलून गेली होती.
हे वाक्य त्या भिंतींनी
पहिल्यांदाच ऐकलं असावं.

मागच्या बाकावरचा हेलदुर खाकरला.
अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. गुडघे गेलेले.
"अकरा कागदावरचे," तो म्हणाला,
"आम्ही एकोणीस खणले.
आठ मुकादमाच्या कुरणासाठी, रात्रीचे,
वर झुडपं लावून झाकलेले.
मोबदला : एक डुक्कर, चौघांत."

दुसऱ्या दिवशी तो काठी घेऊन पुढे,
मागे त्रीनु, हातात उपग्रहाचं चित्र.
तो काठी रोवायचा, कान द्यायचा,
"इथे," म्हणायचा.
ती खूण करायची.
आपणच फोडलेलं घर
आपणच दाखवत फिरावं,
तसा चालत होता.
आठव्या चरापाशी बसला तो बराच वेळ बसूनच राहिला.
कुणी घाई केली नाही. मी गाडीतला चहा नेऊन दिला.

त्रीनुच्या प्रबंधात आता तक्ता आहे,
बारा ते एकोणीस, आणि समोर स्रोत : हेलदुर, खणणारा.
परीक्षकांनी विचारलं म्हणे, याला पुरावा काय.
ती म्हणाली, नळीतली रेघ.
रेघ वर येतेय.

पण सगळं गोड झालं असं नाही.
मुकादमाचं ते कुरण आता लेम्बेबाईंकडे आहे,
आणि तिथे घोट्याइतकं पाणी उभं राहतं.
गवत गेलं, दोन गाई विकल्या.
विद्यापीठ पाणगवताच्या छपरांचं काहीतरी
त्यांच्याबरोबर करून पाहतंय.
होईलच असं माइरे बाई म्हणत नाहीत,
लेम्बेबाई तर मुळीच नाही.
माझ्या गाडीकडे त्या अजून बघत नाहीत.
फक्त त्रीनु पातळी टिपायला गेली
की न बोलता कॉफी देतात,
बिनसाखरेची.

या एप्रिलात क्रौंचांची जोडी उतरली,
बाराव्या चराच्या डोक्यावर.
मी हॉर्न न वाजवता
गाडी मागे घेतली.